खऱ्या ग्रीसचे ठेकेदार

ग्रीसला जाऊन आलेल्या मराठी माणसाकडे सल्ल्यांचा तुटवडा नसतो. अथेन्सला दोनच दिवस ठेवा, बोटीत बसण्याआधी उलटीची गोळी घ्या, सँटोरिनीचा सूर्यास्त चुकवू नका. मग आवाज जरा खाली येतो. ते मालिया, फालिराकी, कावोस वगैरे जे आहे ना, तिकडे फिरकूसुद्धा नका. दारुड्या ब्रिटिश पोरांची गावं ती. तिथे ग्रीस औषधालाही सापडायचा नाही.

दिवाळी अंकांतली प्रवासवर्णनंही याच वळणाची. त्यांतल्या ग्रीसमध्ये टॅव्हर्ना नावाच्या खाणावळीच्या दारात एक म्हातारा बसलेला असतो, भिंतीवर एक मांजर असते, निळ्या दाराशी बोगनवेल असते आणि लेखक सोडला तर दुसरा पर्यटक मैलभर नसतो. चुकून एखादा डिस्को वाटेत लागलाच, तर लेखक नाक मुरडतो आणि पर्यटनाने काय दुर्दशा केली म्हणून उसासा टाकतो. हा उसासा टाकायला तो स्वतः पाच हजार किलोमीटर विमानाने आलेला असतो, हे वर्णनात कुठे येत नाही.

मला तो सल्लाही मान्य नाही आणि तो उसासाही. फालिराकी आणि कावोसची वकिली करायला इथे जागा नाही, म्हणून वाद मालियापुरताच घालतो. सगळ्यांत जास्त शिव्या त्यालाच बसतात, आणि त्यातल्या निम्म्या तरी चुकीच्या पत्त्यावर जातात.

क्रीट बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, इराक्लिओनच्या पूर्वेला सुमारे ३५ किलोमीटरवर मालिया आहे. केटेल या ग्रीक बससेवेची बस तासाभरात पोचवते. मुख्य रस्ता गावाचे दोन तुकडे करतो. रस्त्याच्या वरच्या अंगाला जुनं गाव: अरुंद गल्ल्या, चर्चं, अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या बायका. खालच्या अंगाला समुद्रापर्यंत गेलेला बीच रोड. त्याच्या दोन्ही बाजूंना बार, बर्गर, गोंदवून देणारे, चारचाकी क्वाड बाइक भाड्याने देणारे, वर भाड्याच्या खोल्या. रस्ता संपतो तिथे रुंद, बारीक वाळूचा किनारा, आणि पाण्यात हाकेच्या अंतरावर एक बेटुकलं, त्यावर ख्रिस्ताचं लहानसं देऊळ. जुलै-ऑगस्टमध्ये बीच रोडवर पहाटेपर्यंत संगीत चालू असतं. हे मी नाकारत नाही. ते नाकारलं तर मालियाच नाकारल्यासारखं होईल.

पहिला आरोप: हा खरा ग्रीस नव्हे.

मग खरा कुठला? क्रीटच्या किनाऱ्यांचा इतिहास बघा. जुनी गावं समुद्रापासून आत, थोडी उंचावर वसलेली असत, कारण समुद्राकडून चाचे येत आणि सखल भागात हिवताप असे. किनाऱ्यालगतची जमीन रेताड आणि खारी, ऑलिव्हच्या दृष्टीने निकस. वाटण्या करताना चांगली जमीन मुलांच्या नावावर चढायची आणि वाळूचा पट्टा मुलींच्या पदरात पडायचा, असं क्रीटमध्येच नव्हे तर एजियनमधल्या इतर बेटांवरही सांगतात. मग चार्टर विमानं आली. आतल्या डोंगरउतारावरचे भाऊ होते तिथेच राहिले आणि वाळूवर बहिणींची हॉटेलं उभी राहिली. एका पिढीत एवढी उलटापालट करणारी घटना कुठल्याही कादंबरीकाराला पुरावी. पण ती घडली बारच्या आणि भाड्याच्या खोल्यांच्या मार्गाने, त्यामुळे आमच्या प्रवासवर्णनकारांना ती दिसत नाही. त्यांना टॅव्हर्नातला म्हाताराच हवा असतो. त्या म्हाताऱ्याची बहीण चाळीस खोल्यांची मालकीण आहे का, हे त्याला कुणी विचारतच नाही.

मालियाचं सपाट मैदान सुपीक. तिथे बटाटा निघायचा, आणि विहिरींचं पाणी उपसायला पवनचक्क्या असायच्या. परदेशी केळी ग्रीसमध्ये सहजासहजी येत नव्हती त्या काळात इथल्या बुटक्या, गोड केळ्यांना चांगला भाव मिळायचा. केळी अजूनही होतात. बीच रोडपासून थोडं बाजूला गेलं की प्लास्टिकच्या छताखाली केळीच्या बागा दिसतात. बारचा मालक बहुतेक वेळा बटाटेवाल्याचा नातू असतो. तो इंग्रजीत आरडाओरडा करून गिऱ्हाईक बोलावतो म्हणून त्याचं ग्रीकपण कमी होतं का?

यात आणखी एक गोष्ट विसरली जाते. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन ताबा, त्यामागोमाग यादवी युद्ध, आणि मग दोन दशकं ग्रीसची माणसं बाहेर गेली: ऑस्ट्रेलियाला, अमेरिकेला, आणि १९६० च्या करारानंतर पश्चिम जर्मनीतल्या कारखान्यांत. ज्या गावांना आपण आज अस्सल म्हणून पाहायला जातो, ती अनेकदा या स्थलांतराने रिकामी झालेली गावं आहेत. त्यांची शांतता रिकामेपणाची आहे. मालियाच्या पोरांना श्टुटगार्टला जावं लागलं नाही, कारण श्टुटगार्टची पोरं मालियाला येऊ लागली. हे मला तरी दुर्दशेसारखं वाटत नाही.

आता ज्या ओइयाच्या नावाने मालियाला हिणवलं जातं, ते ओइया घ्या. सँटोरिनीच्या उत्तर टोकावरचं हे गाव दर्यावर्द्यांचं. कप्तानांचे वाडे वर, त्यांत पिवळे आणि गेरूच्या रंगाचेसुद्धा. खलाशांची घरं खाली, ज्वालामुखीच्या राखेच्या कड्यात खोदलेली. वाफेच्या बोटी आल्या, शिडाच्या गलबतांचा धंदा बुडाला, गाव उतरणीला लागलं. ९ जुलै १९५६ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, पन्नासहून अधिक माणसं मेली, ओइयाची पडझड झाली आणि उरलेले बरेच लोक निघून गेले. पडकं ओइया पुन्हा उभं राहिलं ते १९७० च्या दशकात, ग्रीसच्या राष्ट्रीय पर्यटन संघटनेने हाती घेतलेल्या योजनेतून. खलाशांच्या गुहा दुरुस्त करून त्यांची पाहुण्यांसाठी निवासस्थानं केली गेली. योजना उत्तम होती, काम देखणं झालं, त्यात काडीचंही वावगं नाही. फक्त ज्याला आपण काळाच्या ओघात जसंच्या तसं टिकलेलं गाव समजून फोटो काढतो, ते पर्यटकांसाठी ठरवून उभं केलेलं आहे, आणि ज्याला आपण पर्यटकी कचरा म्हणतो, ते मालिया कुठल्याही सरकारी आराखड्याविना, शेतकऱ्यांनी आपापल्या तुकड्यावर मजल्यावर मजला चढवत वाढवलेलं आहे. दिसायला बेढब आहे, मान्य. पण अस्सलपणाचीच स्पर्धा लावायची असेल तर निकाल काय लागेल, हे आधी तपासून घ्या.

ग्रीस म्हणजे असली पांढरी, चित्रासारखी गावं, हा समज पसरवायला हिंदी सिनेमानेही हातभार लावला. 'चलते चलते' २००३ साली आला तेव्हापासून मिकोनोस बेटावरच्या पांढऱ्या भिंती आपल्याकडच्या मधुचंद्राच्या यादीत गेल्या त्या गेल्याच.

दुसरा आरोप सभ्य लोकांचा: एवढे पैसे खर्चून वाळूत लोळायला कशाला जायचं, इतिहास बघावा.

बघावाच. बीच रोडपासून तीन किलोमीटर पूर्वेला मालियाचा राजवाडा आहे, क्रीटच्या मिनोअन संस्कृतीतला तिसरा मोठा. क्नोसोसचा राजवाडा पुराणकथेतल्या राजा मिनोसचा, आणि हा त्याचा भाऊ सार्पिदॉन याचा, असं परंपरा सांगते. इ. स. पूर्व १९०० च्या आसपास पहिला वाडा उठला, १७०० च्या सुमारास पडला, पुन्हा बांधला गेला आणि १४५० च्या आसपास कायमचा संपला. योसिफ हात्झिदाकिस यांनी १९१५ मध्ये इथे खणायला सुरुवात केली, पुढे १९२० च्या दशकापासून फ्रेंच पुरातत्त्व संस्थेने काम हाती घेतलं आणि ते आजवर चालू आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने क्रीटची सहा मिनोअन राजवाडा-केंद्रं जागतिक वारशाच्या यादीत घातली, त्यांत मालिया आहे.

इथे जरा रेंगाळतो, कारण खऱ्या-खोट्याचा वाद इथेच सगळ्यांत मजेशीर होतो. क्नोसोसला जे लाल खांब आणि रंगीत दालनं आपण बघतो, ते बरंचसं ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सिमेंट-काँक्रीटमध्ये उभं केलं. त्यांच्या मनातला मिनोअन वाडा असा होता. तिथे रोज बसगाड्यांची रांग लागते. मालियात असं काही कुणी केलेलं नाही. जोती, पायऱ्या, फरसबंदी, कच्च्या विटांच्या भिंतींचे उरलेले भाग, आणि तेवढंच. मध्ये उत्तर-दक्षिण पसरलेलं मोठं प्रांगण. नैऋत्य कोपऱ्यात धान्याची आठ गोल कोठारं, अजून मोजता येतात. जवळच एक गोल दगडी पाट, त्याच्या कडेने चौतीस छोट्या खळग्या. नव्या पिकाचा नैवेद्य ठेवायला असेल असं बरेच जण म्हणतात, कुणी त्याला खेळाचा पट म्हणतं. जवळच्या क्वार्टिये मू या भागात कुंभारांची, मुद्रा कोरणाऱ्यांची घरं आणि कामाच्या जागा सापडल्या. राजाच्या बरोबरीने कारागिरांचं गाव दिसावं असं क्रीटमध्ये दुसरीकडे क्वचितच होतं. दोन मधमाश्या मधाच्या थेंबाभोवती वाकल्या आहेत असं सोन्याचं प्रसिद्ध लोलक इथल्याच ख्रिसोलाक्कोसच्या दफनभूमीतलं. ते आता इराक्लिओनच्या संग्रहालयात आहे.

त्याच संग्रहालयात मालियाच्या वाड्यातली एक तलवार आहे. तिच्या मुठीच्या टोकाला सोन्याची चकती, आणि चकतीवर एक तरुण कसरतपटू. कमरेतून मागे असा वाकलेला की पाय डोक्याला टेकतात. मिनोअन लोकांना तरुण शरीरांचे असले खेळ फार आवडत. बैलाच्या शिंगांवरून कोलांटी घेणाऱ्यांची चित्रं त्यांनीच काढली. मिनोअन वस्त्यांच्या उत्खननांत साधे, कानाशिवायचे, शंकूसारखे मातीचे प्याले शेकड्यांनी, कधी हजारांनी सापडतात. सामुदायिक मेजवान्यांत ते वापरत आणि टाकून देत, असं अभ्यासक मानतात. आज बीच रोडवर पहाटे प्लास्टिकचे ग्लास झाडणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो कितपत हसेल कोण जाणे. पण मालियातला दंगा परवा विमानातून उतरलेला आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि राजवाड्यात माणसं फार नसतात. इतिहास बघावा म्हणणारे सगळे क्नोसोसच्या काँक्रीटसमोर उभे असतात.

तिसरा आरोप गंभीर आहे, आणि तो टाळून चालणार नाही. दारू, मारामाऱ्या, क्वाड बाइकचे अपघात, बाल्कनीतून पडणारी पोरं, मुलींवरचे अत्याचार. हे सगळं घडलेलं आहे. ऱ्होड्स बेटावरच्या फालिराकीत २००३ च्या उन्हाळ्यात बारमधल्या भांडणात एक ब्रिटिश तरुण मेला आणि जगभर बोंब झाली. स्वस्त बारमध्ये भेसळीची दारू मिळते. गावकऱ्यांनाही या सगळ्याचा त्रास होतो, ते वेळोवेळी रस्त्यावर उतरले आहेत आणि स्वस्त, निव्वळ दारूसाठीच्या सहलींवर बंधनं घाला म्हणून हॉटेलवाल्यांनीच मागणी केली आहे. मला यात मालियाची बाजू घ्यायची नाही.

पण या आरोपाच्या आडून दुसराच एक तिटकारा आत शिरतो, आणि त्याचं नाव घ्यायला हवं. मालियाला कोण येतं? ब्रिटनमधली, नेदरलँड्समधली, स्कॅन्डिनेव्हियातली पोरंपोरी. शाळेचा निकाल लागलेली, मित्रांबरोबर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली. पुष्कळ जण कामकरी घरांतले: बांधकामावर परांची बांधणारा, सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणारी, नर्सिंगला निघालेली. वर्षभर पाऊस आणि ओव्हरटाइम, मग एक आठवडा ऊन. ब्रिटिश वर्तमानपत्रांना यांची हेटाळणी करायला नेहमीच आवडलं आहे. या पोरांवरचा 'द इनबिटवीनर्स' हा विनोदी सिनेमा २०११ मध्ये आला. कथा मालियाची, पण त्यातलं बरंचसं चित्रीकरण स्पेनच्या मागालूफमधलं. म्हणजे ज्या दृश्यांवरून लाखोंनी मालियाचा धसका घेतला, त्यांतली कितीतरी मालियाची नाहीतच.

मिकोनोसच्या महागड्या बीच क्लबमध्येही लोक दारू पितात, टेबलावर चढून नाचतात, पहाटे खांद्यावरून नेले जातात. तिथे बाटलीची किंमत मालियातल्या आठवड्याच्या खोलीएवढी असते, म्हणून त्याला नाइटलाइफ म्हणायचं आणि मालियातल्याला धिंगाणा. विसर्जनाच्या रात्री स्वतःच्या गल्लीत स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात तेव्हा वर्गणी देऊन गप्प बसणाऱ्यांनी तर या दोहोंतला फरक शिकवूच नये.

शिवाय ही गावं बदलत नाहीत असंही नाही. २००३ नंतर फालिराकीत पोलिसांनी आणि पालिकेने कडक धोरण घेतलं, तरुणांच्या सहली कमी झाल्या, आणि आज तिथे मुख्यतः लेकुरवाळी कुटुंबं दिसतात. १९६० च्या दशकात सुरू झालेली आणि या प्रकारच्या सहलींचं प्रतीक बनलेली 'क्लब १८-३०' ही कंपनी २०१८ मध्ये बंद झाली. तिची मालक असलेली थॉमस कुक पुढच्याच वर्षी बुडाली. पोरांच्या आवडी बदलल्या तसा बीच रोडही बदलेल. ओइयात गुहेच्या जागी पंचतारांकित स्वीट झाला, तो मात्र पुन्हा खलाशाचं घर होत नाही.

इथवर आरोपांना उत्तरं दिली. आता माझा आरोप.

ग्रीसच्या किनाऱ्यांवर जे खरं अतिक्रमण चाललं आहे, त्याचा आवाज होत नाही. ग्रीक कायद्यानुसार समुद्रकिनारा सार्वजनिक आहे, त्याची खासगी मालकी असू शकत नाही. सरकार वाळूचा ठरावीक भाग छत्र्या आणि आरामखुर्च्या लावायला भाड्याने देतं. करारात लिहिलेलं असतं एक, आणि प्रत्यक्षात खुर्च्या पाण्यापर्यंत सरकतात, रांगा दुप्पट होतात, टॉवेल टाकून बसायला जागाच राहत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरच्या लोकांनी याविरुद्ध उठाव केला. हातात टॉवेल घेऊन ते किनाऱ्यावर आले आणि आमचा किनारा परत द्या म्हणाले. टॉवेलची चळवळ असंच तिचं नाव पडलं आणि ती बघता बघता इतर बेटांवर पसरली. २०२४ च्या नव्या कायद्याने किनाऱ्याचा निदान अर्धा भाग मोकळा ठेवायची सक्ती केली, संरक्षित क्षेत्रांत ७० टक्के. पाण्याच्या काठापासून चार मीटरचा पट्टा मोकळा हवा. नागरिकांनी तक्रार करावी म्हणून मायकोस्ट नावाचं ॲप आलं, ड्रोनने पाहणी सुरू झाली.

आता विचारा, हा उठाव कुणाविरुद्ध होता? बीच रोडवर ओकणाऱ्या ब्रिटिश पोराविरुद्ध नव्हे. पारोस हे काही मालियासारखं बदनाम बेट नाही. ते सुंदर, पांढरं, शांत, श्रीमंतांना आवडणारं. लोक चिडले ते मखमली दोरी लावून किनारा अडवणाऱ्यांवर. ज्यांच्या दोन खुर्च्या आणि एका छत्रीचं भाडं ग्रीक शिक्षकाच्या दिवसाच्या पगारात बसत नाही, त्यांच्यावर. मिकोनोसवर बेकायदा बांधकामांची प्रकरणं हाताळणाऱ्या एका पुरातत्त्व अधिकाऱ्याला मार्च २०२३ मध्ये अथेन्समध्ये बेदम मारहाण झाली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी देशभर काम बंद ठेवलं. पैसा जिथे ओततो तिथे गुंड येतात, ते स्वस्त बारमध्येच सापडतील असं नाही.

मालियाच्या वाळूवरही खुर्च्या आहेत, आणि पुष्कळ आहेत. पण तिथे इराक्लिओनहून बसने आलेलं ग्रीक कुटुंब डबा घेऊन, टॉवेल टाकून बसलेलं दिसतं, त्यांच्या शेजारी लीड्सची पोरं, त्यांच्या शेजारी मक्याची कणसं विकणारा. कुणी कुणाला हटकत नाही. गर्दीचा किनारा याचा अर्थ बहुधा सगळ्यांना परवडणारा किनारा. ज्यांना शांतता हवी असते त्यांना अनेकदा ही दुसरी माणसंच नको असतात, आणि ती हटवायची सोय विकत मिळते.

सँटोरिनीची स्थिती तर अशी की कायमचे रहिवासी पंधरा-सोळा हजार, आणि जुलै २०२४ मध्ये एकाच दिवशी क्रूझ जहाजांतून १७,००० माणसं येणार म्हणून रहिवाशांनाच बाहेर कमी पडा असं आवाहन करण्यात आलं होतं. क्रूझ प्रवाशांसाठी दिवसाला ८,००० ची मर्यादा आली, २०२५ पासून हंगामात सँटोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशाला २० युरो कर लागला. गाढवांवर १०० किलोपेक्षा जास्त किंवा गाढवाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक ओझं चढवू नये, असा नियम २०१८ मध्ये करावा लागला. सूर्यास्ताच्या वेळी ओइयाच्या गल्लीत माणसाला हलता येत नाही. तरी प्रवासवर्णनात ही गल्ली शांतच असते, कारण लेखकाने फोटो डोक्यांच्या वरून काढलेला असतो.

पर्यावरणाचा मुद्दाही येतो. पाणी कमी, बेटं कोरडी, कचरा जास्त, सगळं खरं. पण मालिया सगळं एका दाटीत कोंबतं: माणसं चालत किनाऱ्यावर जातात, बसने विमानतळावर. डोंगरउतारावर एकेक सुटा बंगला, प्रत्येकाला स्वतःचा पोहण्याचा तलाव, प्रत्येकापर्यंत नवा रस्ता, ही जी खऱ्या ग्रीसमध्ये राहण्याची नवी तऱ्हा निघाली आहे, ती दरडोई कितीतरी जास्त पाणी आणि जमीन खाते. कुरूपता एका जागी असली की डोळ्यांत खुपते. डोंगरभर पसरली की तिला निसर्गाच्या सान्निध्यात म्हणतात.

हे गोव्यातही चाललेलं आहे, म्हणून आपल्याला कळायला कठीण जाऊ नये. बागा-कळंगुटला नाक मुरडून आसगाव, शिवोली, मोयड्याच्या बाजूला खरा गोवा शोधायला दिल्ली-मुंबईची मंडळी गेली. त्यांना जुनी पोर्तुगीजकालीन घरं सापडली, त्यांनी ती घेतली, भोवती कुंपणं आणि निळे तलाव आले, आणि जमिनीचे भाव असे गेले की गावातल्या पोराला लग्न करून वेगळं बिऱ्हाड मांडायलाही गावात जागा परवडेना. बागाला सांगली-कोल्हापूरचे तरुण येतात, ओरडतात, शॉर्ट्स घालून समुद्रात फोटो काढतात, आणि परत जातात. बागाचा त्रास आहे, पण तो संध्याकाळचा आहे. आसगावचा त्रास खरेदीखतावर नोंदलेला आहे. कुठल्या पाहुण्याने गोव्याचं जास्त नुकसान केलं, हे गोंयकाराला विचारून बघावं.

मालियाशी भांडायचंच असेल, तर भांडायला जागा आहेत. हंगाम एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. त्या सहा महिन्यांत सुटी जवळजवळ नाही, ऐन उन्हाळ्यात सातही दिवस काम, आणि हिवाळ्यात बेकारी भत्त्यावर काढायचं. २०१३ मध्ये ग्रीसमधली बेकारी २७ टक्क्यांवर गेली होती तेव्हा लोकांनी हे मुकाट सोसलं. पण २०२४ मध्ये क्रूझ धरून चार कोटींहून अधिक पर्यटक आणि एकवीस अब्ज युरोंहून जास्त उत्पन्न आल्यावरही वेटरच्या पदरात त्यातलं किती पडतं, हा प्रश्न विचारायला हवा. मनगटावर पट्टा बांधून सगळं फुकट खाऊ-पिऊ घालणारी मोठी हॉटेलं हा दुसरा प्रश्न. त्यांतला पाहुणा कुंपणाबाहेर पडत नाही, बीच रोडवरच्या खाणावळीत जेवत नाही, आणि खोल्यांचे भाव परदेशी कंपन्या खाली दाबतात. ही हॉटेलं शांत असतात, स्वच्छ असतात, तिथे लहान मुलांसाठी घसरगुंड्या असतात. कौटुंबिक वातावरण म्हणून आपल्या लोकांना तीच सुचवली जातात. मालियाचा गळा आवळला जात असेल तर तो इथे.

एक प्रश्न हमखास येतो: आई-वडिलांना घेऊन जावं का? जुलै-ऑगस्टमध्ये बीच रोडवर खोली घेऊन, नाही. जूनच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धात, वरच्या जुन्या गावात किंवा पश्चिमेच्या स्टालिदाला राहून, अवश्य. पाणी सप्टेंबरमध्येच जास्त ऊबदार असतं. पट्टा बांधणारं हॉटेल घेऊ नका, बाहेर जेवा. शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत: जवाच्या कडक पावावर टोमॅटो आणि मिझिथ्रा चीज घातलेला दाकोस, रानभाज्या उकडून वर लिंबू-ऑलिव्ह तेल, टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे. ऑर्थोडॉक्स पंथातल्या उपासांमुळे मांसाशिवायचं जेवण तिथे कुणाला नवं नाही. राजवाड्याला सकाळी जा, दुपारी सावली नसते. क्वाड बाइक कुणीही कितीही स्वस्त देऊ केली तरी घेऊ नका.

आणि ओइया बघायचंच असेल, तर हंगामात इराक्लिओनहून सँटोरिनीला वेगवान बोट आहे, दोन तासांच्या आसपास लागतात. सकाळी जाऊन त्याच दिवशी परत येता येतं. परतीची बोट मात्र सूर्यास्ताच्या आधीच सुटते.